अडीच कप

आमच्या घरी स्वयंपाक चालू आहे हे शेजाऱ्यांना वासाच्या आधी आवाजावरून कळायचं. फोडणीत मोहरी तडतडली की छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागायचा, आणि माझा सहा वर्षांचा मुलगा हातातलं टाकून खुर्चीवर चढायचा आणि भांडी पुसायचं फडकं अलार्मखाली गरागरा फिरवायचा. हे त्याचं अधिकृत खातं होतं. त्यात दुसऱ्या कुणी हात घातलेला त्याला खपत नसे. नऊ वर्षांच्या मुलीकडे मापांचं खातं होतं आणि ते ती एखाद्या कडक मामलेदारासारखी सांभाळायची.

हे आयर्लंडमधल्या मलिंगार गावातलं. मी तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते आणि नवरा लिक्सलिपला चिप्सच्या कारखान्यात इंजिनिअर. बटाट्याच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या, हे माझ्या सासरच्या प्रत्येक माणसाला निदान दोनदा सांगावं लागलं आहे. माझ्या ड्यूट्या आणि त्याची गाडी यांत आम्ही चौघं आठवडाभर फ्रिजच्या दारापाशी भेटायचो. म्हणून शनिवारी मी घरी असले, की मुलांना हाताशी घेऊन स्वयंपाक करायचा असा मी नियम घातला होता. त्यात संस्कार वगैरे काही नव्हते. मुलं भेटायला दुसरी जागा नव्हती, आणि लसूण कुणीतरी सोलायला हवाच होता.

मी स्वयंपाक शिकले आईकडून, म्हणजे अंदाजानं. मूठभर, चिमूटभर, बोटाच्या पेरापर्यंत पाणी. हे मुलीच्या पचनी पडेना. "पण किती, आई? लाइक, एक्झॅक्टली किती?" तिनं मग स्वतःच एक माप ठरवलं. आदल्या ईस्टरला दोन्ही मुलांना चॉकलेटची अंडी मिळाली होती, त्यांच्याबरोबर दांडीचा एकेक निळा कप आला होता. त्या कपानं तिनं माझा सगळा अंदाज मोजून काढला. चौघांची खिचडी म्हणजे तांदूळ आणि मुगाची डाळ मिळून दोन कप. त्यात आजन्म बदल होणार नाही असं तिनं जाहीर केलं.

बदल झाला, कारण अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. बार्शीला हायस्कुलात आयुष्यभर गणित शिकवलं. आदल्या वर्षी आई गेली. तेव्हाच माझा धाकटा भाऊ त्यांना पुण्याच्या आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन आला होता. व्हिसा मिळाल्यावर ते तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आले. आई गेल्यावर ते रडले नव्हते, निदान आमच्यासमोर नाही. फक्त दुसऱ्यांदा वाढून घेणं त्यांनी बंद केलं होतं. पानात पहिलं पडेल तेवढं खायचं आणि उठायचं.

आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी भावाचा स्काइपवर फोन होता. तो सहज म्हणाला, की बार्शीचं घर भाड्यानं द्यावं म्हणतोय, उगीच बंद राहतं. अण्णा म्हणाले, "द्यायचं नाही. मी जाणार आहे तिथं राहायला."

"एकटे?"

"मग काय बँड लावून जाऊ?"

"अण्णा, तुम्हाला साधा चहा येत नाही. शुगरच्या गोळ्या घेता, वेळेवर खायला लागतं. तिथं जेवणार काय तुम्ही?"

भावाचं चुकत नव्हतं. आमच्या घरात "पान वाढलंय" अशी हाक आल्याशिवाय अण्णांनी कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता. ते त्या घरात एकटेच दूध-बिस्किटं खाऊन दिवस ढकलतील याची मला भीती वाटत होती, आणि मी भावाच्याच बाजूनं बोलले. अण्णा उठून खिडकीशी गेले आणि शेजाऱ्यांच्या हिरवळीकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलातून आले तर दारातच जळलेल्या दुधाचा वास. स्वयंपाकघरात तिघं एका रांगेत बसलेले, अण्णा मधे. सिंकमध्ये आमची विजेची किटली, आतून काळीठिक्कर. मुलांना शाळेतून आणल्यावर अण्णांनी चहा करून दाखवायचं मनावर घेतलं होतं. किटली चहाची, हे त्यांना माहीत होतं. बार्शीच्या स्टँडवर पोऱ्या किटलीतूनच तर चहा घेऊन फिरतो. तेव्हा त्यांनी किटलीत दूध, पाणी, साखर, चहापूड आणि चेचलेलं आलं असं सगळं रीतसर घातलं आणि बटण दाबलं.

"आलं घालायला नको होतं," अण्णा म्हणाले.

"आजोबा, केटलमध्ये ओन्ली पाणी," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात मुरलेल्या मास्तरणीची दया होती. मग माझ्याकडे वळून तिनं ठणकावून सांगितलं, की आता आजोबांना शिकवायचं काम तिचं आणि तिच्या भावाचं. मी मधे पडायचं नाही. का, तर मी प्रॉपर मापं सांगत नाही.

घरात एक नियम होता, की मोठं माणूस हजर असल्याशिवाय मुलांनी शेगडी लावायची नाही. आता शाळेतून आल्यावर मोठं माणूस हजर होतं. फक्त त्यालाच काही येत नव्हतं. तरी मी हो म्हणाले. जमेल असं मला मुळीच वाटत नव्हतं, म्हणूनच म्हणाले असेन. तीन महिने मजेत जातील, पुढे अण्णा गुपचूप पुण्याला राहतील, असा माझा हिशेब.

पहिला धडा खिचडीचा. त्या दिवशी मी घरी होते आणि दारात कपडे वाळत घालायचं निमित्त करून ऐकत होते. मुलीनं दोन कप डाळ-तांदूळ ओतले आणि थांबली. आता माणसं पाच. "तीन कप घालूया," ती म्हणाली, "इट्स ग्रँड."

"काय ग्रँड?" अण्णा म्हणाले. "तीन कप सहा माणसांचे. सहावं कोण येणारेय? चार माणसांना दोन कप, तर पाच माणसांना किती? मांड त्रैराशिक."

त्रैराशिक हा शब्द तिनं जन्मात ऐकला नव्हता. अण्णांनी ओट्यावर थोडं पीठ पसरलं आणि बोटानं मांडणी करून दाखवली. मग पीठ सारखं करून तिला म्हणाले, "आधी तू सोडव. मी तपासतो." तिनं जीभ बाहेर काढून पिठात आकडे काढले. अडीच. अण्णांनी उत्तराखाली बोटानं रेघ मारून बरोबरची खूण केली. त्या दिवसापासून आमच्या घरची खिचडी अडीच कपांची झाली, आणि त्रैराशिक हा शब्द मुलीच्या तोंडी इतका बसला, की शाळेत मैत्रिणीलाही तिनं तो शिकवला म्हणे.

बाकी अभ्यासक्रम मात्र विद्यार्थ्याच्या शंकांमुळे रखडत गेला. "चवीनुसार मीठ" हे अण्णांना मंजूरच नव्हतं. चव कुणाची? प्रश्नात माहिती अपुरी आहे. "कांदा गुलाबी होईपर्यंत परता" असं मुलगी म्हणाली तर त्यांनी चष्मा लावून कांदा बघितला आणि हा गुलाबी नसून फार तर बदामी आहे असा निर्वाळा दिला. मुलगा कुकरच्या शिट्ट्या मोजायचा, पण दोनाच्या पुढे त्याचं लक्ष खिडकीतल्या मांजराकडे जायचं. एकदा खिचडीचं पिठलं झालं, एकदा तळाशी कोळसा. अलार्म इतक्या वेळा वाजला, की शेजारच्या बाईंनी बघायला येणंही सोडलं. पुढे पुढे त्या नुसत्या कुंपणावरून विचारायच्या, "तुमचे वडील शिजवतायत वाटतं?"

आणि एका संध्याकाळी मी थकून आले तर टेबलावर पाच पानं मांडलेली. खिचडी, वर साजूक तुपाची धार, भाजलेला पापड, दह्यातली काकडी. नवरा नुकताच पोचला होता आणि हात धुऊन शहाण्यासारखा बसला होता. "बसा," अण्णा म्हणाले, "पान वाढलंय."

खिचडी चांगली झाली होती. नुसती बरी नाही, चांगली. आई घालायची तसा त्यात किंचित गूळ होता. तो कुणी सांगितला विचारलं तर अण्णा म्हणाले, की इतकी वर्षं जेवलोय, तेवढं तर कळतं की. आणि त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. आता हे खरंच जाणार, एकटे राहणार, हे मला त्या घासाला कळलं. मी मान खाली घालून जेवले.

भावानं मात्र सहज हार मानली नाही. "खिचडी काय, होस्टेलची पोरंही करतात," तो म्हणाला. "रोज खिचडी खाणारेत का अण्णा? त्यांना भाकरी लागते." यात तथ्य होतं. ज्वारीची भाकरी नसेल तर आपण जेवलोच नाही असं मानणारी ही माणसं. अण्णा म्हणाले, "मग भाकरी करतो." जसं काही प्रमेय सिद्ध करतो.

आता आली का पंचाईत. भाकरी मलाही धड येत नव्हती आणि मुलांना तर ठाऊकच नव्हती, तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी एकाच बाकावर आले. डब्लिनच्या इंडियन दुकानातून नवऱ्यानं ज्वारीचं पीठ आणलं. अण्णा परात घेऊन जमिनीवर बसले, त्यांच्या दोन बाजूंना दोन मुलं. भाकरी थापायला घेतली की तिच्या कडा नकाशासारख्या फाटायच्या. अण्णा म्हणाले, पीठ वाईट आहे. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. पण अंगण खरंच वाकडं होतं. ते पीठ बोटीतून कधी निघालं होतं देव जाणे, त्याची सगळी विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली. मग मला आठवलं, की जुनं पीठ असलं तर आई उकळतं पाणी घालायची. नव्या किटलीतलं उकळतं पाणी मुलीनं कपानं मोजून दिलं आणि पीठ निमूट वळलं.

तरी भाकरी फुगेना. आमची शेगडी काचेची, विजेची. तिला ज्योतच नाही. तव्यावरची भाकरी उतरवून शेकायची कुठं? तीन दिवस आम्ही पापडासारख्या कडक भाकऱ्या दाताखाली घेऊन एकमेकांकडे बघत होतो. चौथ्या दिवशी मुलाला भूक लागली होती आणि त्याला भाकरी-बिकरी नको होती, चीज टोस्ट हवा होता. तो त्यासाठी ओव्हनमधलं वरचं ग्रिल लावून बसला होता. लाल झालेल्या त्या सळीकडे बघत तो म्हणाला, "आजोबा, पुट इट इन हिअर ना."

ठेवली. आम्ही पाचही जण ओव्हनच्या काचेसमोर उकिडवे बसलो. भाकरीवर आधी एक लहान फुगा आला, मग शेजारी दुसरा, मग दोन्ही एक झाले आणि भाकरी टम्म फुगली. अलार्म वाजला. फडकं घेऊन उठायचं कुणालाच सुचलं नाही.

ती भाकरी स्काइपवर भावाला दाखवली. त्यानं ती उलटसुलट करून बघितली, म्हणजे अण्णांना करायला लावली. मग विचारलं, "नक्की तुम्हीच थापली ना? ताईनं नाही?" माझ्या मुलानं पुढे होऊन साक्ष दिली, की आईची अजून फाटते. भाऊ हसला. म्हणाला, "बरं. राहून बघा एक महिना. मी मधे येऊन जेवून जाईन, आणि वाळलेले दिसलात तर उचलून पुण्याला नेईन."

निघायच्या आदल्या दिवशी अण्णांची बॅग मी भरली. मुलगा बराच वेळ दारात घुटमळला आणि मग आपला निळा कप एका मोज्यात घालून त्यांच्या कपड्यांत ठेवला. ताईचा कप इथं राहील, माझा आजोबांना, असं म्हणाला. विमानतळावर अण्णा रडले नाहीत. मी रडले, भरपूर, आणि कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

बार्शीला गॅस होता, ताजं पीठ होतं आणि ग्रिल नव्हतं. पहिल्या आठवड्यात रोज फोन. ताज्या पिठात उकळतं पाणी घालून त्यांनी त्याची खळ केली होती, कारण आम्ही तसंच शिकवलं होतं. हळूहळू तेही सुधारलं. भाऊ शब्द दिल्याप्रमाणे जाऊन जेवून आला आणि मला फोन करून म्हणाला, "अगं, जमतंय त्यांना. माझ्यापेक्षा बरं करतात." त्यानंतर घर भाड्यानं द्यायची गोष्ट कुणी काढली नाही. वरची एक खोली तेवढी अण्णांनी बँकेत नोकरीला लागलेल्या दोन मुलांना दिली, सोबत म्हणून.

इकडे आमचा शनिवार परत चौघांचा झाला. मी मात्र एक बघत होते, की खिचडी उरायला लागली होती. नवरा सोमवारी लिक्सलिपला गच्च भरलेला डबा नेत होता आणि तक्रार न करता खात होता. मी एकदा मुलीला टोकलं, की जरा बेतानं घाल. ती "हो आई" म्हणाली. मी पुन्हा बघितलं नाही.

मग आम्ही रविवारचा एक बेत ठरवला. आमचं दुपारचं उशिराचं जेवण आणि अण्णांचं रात्रीचं जेवण एकाच वेळेला येत होतं. वरच्या खोलीतल्या मुलांपैकी एकजण आपला लॅपटॉप खाली आणायचा, अण्णांच्या टेबलावर ठेवायचा, आणि आम्ही दोन्हीकडे पानं वाढून एकदम जेवायला बसायचो. पहिल्याच रविवारी अण्णांनी मोठ्या अभिमानानं कुकर उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. आत वाफाळलेली पिवळीधम्मक खिचडी, काठोकाठ.

मुलीनं नाक पडद्याला लावलं. "आजोबा, किती कप घातलेत?"

"अडीच."

"पण ते तर पाच जणांचं आहे."

"मग? तुम्ही मला पाचाचंच शिकवलंय. एकट्याचं कुठं शिकवलं?"

अण्णांच्या मागे बँकेतली ती दोन मुलं ताटं घेऊन उभी होती आणि संकोचून हसत होती. त्यांच्या डब्यापेक्षा हे बरं, म्हणून रोज खाली येत असणार, हे सांगायला नको होतं. तरीही तिघंच झाले. मुलीला हिशेब चैन पडू देईना. ती म्हणाली, "आजोबा, त्रैराशिक मांडा ना. पाच माणसांना अडीच कप, तर एकाला किती? इट्स इझी."

"सोपंच आहे, बाळ," अण्णा म्हणाले. कुकर त्यांनी खाली ठेवला आणि चष्मा पुसला. "उत्तर मला येतं. मांडायचं नाही, एवढंच."

 मी पोळीचा तुकडा मोडून तसाच हातात धरून बसले होते. मग अण्णांनी विचारलं, "तुमच्याकडं आज किती घातले?"

 मुलगी टेबलाखाली बघायला लागली. तिच्या भावाला गप्प राहणं कधीच जमलेलं नाही. तो म्हणाला, "अडीच. शी ऑलवेज डझ अडीच."

अण्णा हसले. आई गेल्यानंतर त्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. ते म्हणाले, "मग असं करू. आधी तू सोडव. मी तपासतो." आणि त्यांनी त्या दोन पोरांना हातानं बसायची खूण केली, कारण पानं वाढली होती.

तिनं ते गणित सोडवल्याचं मला आठवत नाही. सोमवारी सकाळी नवऱ्याचा डबा मी उचलून बघितला, तो जडच होता. मी त्याचं झाकण नीट लावलं आणि त्याच्या हातात दिला.